साडेपाच पौंडांची शिळा

शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर परवा पुन्हा गडकऱ्यांच्या पुतळ्याचा विषय निघाला. पुण्याच्या संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा जानेवारी २०१७मध्ये रातोरात उखडून मुठा नदीत टाकला गेला. कारण दिलं गेलं ते 'राजसंन्यास' नाटकातल्या संभाजी महाराजांच्या चित्रणाचं. ग्रुपवर एकाचं म्हणणं, पुतळा होता तिथेच परत बसला पाहिजे. दुसऱ्याचं म्हणणं, लेखकाला पुतळा हवाच कशाला, त्याची नाटकं वाचा. दोघंही तावातावाने लिहीत होते. मी इकडे स्कॉटलंडमधल्या एडिनबर्गमध्ये ते वाचत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे इथली एक शिळा येत होती.

रॉयल माइल या जुन्या रस्त्यावर कॅननगेट चर्च आहे. त्याच्या फाटकाबाहेर रॉबर्ट फर्ग्युसन या कवीचा ब्राँझचा पुतळा आहे, झपाझप चालत निघालेल्या तरुणाचा. पर्यटक त्याच्यासोबत फोटो काढतात. आतली कबर मात्र फार थोडे बघतात. (आपल्या फर्ग्युसन कॉलेजशी याचा संबंध नाही. ते नाव मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचं.)

हा कवी १७५० साली याच शहरात जन्मला. कचेरीत कायद्याचे कागद नकलून पोट भरायचा आणि स्कॉट्स या तिथल्या बोलीत कविता करायचा. त्या काळी एडिनबर्गचे शिकलेले लोक बोलण्या-लिहिण्यातून स्कॉट्स शब्द खुडून काढण्याच्या मागे होते, आणि हा मुलगा बाजारातली, गुत्त्यातली, जत्रेतली तीच बोली पानावर आणत होता. उणीपुरी तीन वर्षं त्याने भरभरून लिहिलं. मग मन ढासळलं, पडून डोक्याला मार बसला, वेड्यांच्या कोठडीत त्याला ठेवलं आणि ऑक्टोबर १७७४मध्ये तिथेच तो गेला. वय चोवीस. पुरलं त्या जागी नावाची पाटीसुद्धा नव्हती.

त्याला त्या अवस्थेत पाहिलेल्या डॉ. अँड्र्यू डंकन यांना ते इतकं लागलं, की त्यांनी मनोरुग्णांसाठी धड रुग्णालय व्हावं म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली. १८१३मध्ये ते उघडलं, आणि त्याच संस्थेतून वाढलेलं रुग्णालय आजही शहरात चालू आहे. फर्ग्युसनचं खरं स्मारक म्हणून मी त्याकडेही बघतो.

फर्ग्युसनची कबर बारा वर्षं तशीच बिनपाटीची राहिली. मग रॉबर्ट बर्न्स हा कवी एडिनबर्गला आला. स्कॉट्समध्ये लिहायचं बळ त्याला फर्ग्युसनच्या कवितांनी दिलं होतं. फेब्रुवारी १७८७मध्ये त्याने चर्चच्या व्यवस्थापकांकडे रीतसर अर्ज केला, की या कबरीवर मला माझ्या खर्चाने शिळा बसवू द्या. खर्च साडेपाच पौंड. शिळा उभी राहायला दोन वर्षं लागली आणि बर्न्सने पैसे चुकते करायलाही बराच वेळ घेतला, पण चुकते केले.

शिळेच्या पुढच्या बाजूला बर्न्सच्या चार ओळी आहेत. जन्मसालही आहे, पण चुकून १७५१ पडलंय. मला मागची बाजू जास्त मोलाची वाटते. तिथे कोरलंय की व्यवस्थापकांच्या खास परवानगीने ही जागा फर्ग्युसनच्या स्मृतीसाठी कायमची राखलेली आहे. परवानगीचा कागद हरवेल, दगड हरवणार नाही, हे बर्न्सला कळत होतं.

शंभर वर्षांनी तीही शिळा खराब झाली. तेव्हा काळजी वाटली रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या लेखकाला. जन्माने एडिनबर्गचा, पण आजारपणामुळे पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटावर राहणारा. १८९४मध्ये त्याने तिथून मित्राला कळवलं की फर्ग्युसनची शिळा माझ्या खर्चाने दुरुस्त करून घे. एका एडिनबर्गच्या पोराने दुसऱ्याला दिलेली भेट, असे शब्दही त्यावर घालायचे त्याच्या मनात होते. त्याच डिसेंबरात तो वारला आणि काम राहून गेलं. पुन्हा न दिसणाऱ्या गावातल्या एका दगडाची त्याला लागलेली ही काळजी परदेशात राहणाऱ्या कुणालाही समजेल. मला तरी फार आतून समजते.

इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. शहरातल्या जुन्या स्मशानभूमी २०१०मध्ये जगातल्या धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत होत्या. वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात. कुणी भलतीच माया करून सांध्यात सिमेंट भरलं, तर ओल आत अडकून दगड आणखी लवकर फुटतो. तिथे चुनाच लागतो. २०१५मध्ये ग्लासगोत कबरीचा दगड अंगावर पडून एक लहान मुलगा दगावला, तेव्हापासून नगरपालिका डुगडुगणारे दगड तपासून आडवे करून ठेवतात. त्यावरूनही लोक भांडतात. पण त्या भांडणात दर वेळी एक प्रश्न असतोच: हे सांभाळणार कोण आणि कशाने?

आपल्या वादात मला हाच प्रश्न सापडत नाही. पुतळा बसवा, नाहीतर काढा, एवढ्यावरच सगळं अडतं. आपल्याकडे देह जाळतात, त्यामुळे कवीची म्हणून जमिनीचा तुकडा उरत नाही. केशवसुत १९०५मध्ये प्लेगने हुबळीला गेले. आज त्यांच्यासाठी जायचं कुठे, तर मालगुंडला, जन्मघरी. कोकण मराठी साहित्य परिषदेने ते घर राखलं, आवारात त्यांच्या कविता दगडांवर कोरल्या. शाळांच्या सहली तिथे जातात, मुलं बोट फिरवत ओळी वाचतात. 'नुसती नाटकं वाचा' म्हणणाऱ्या माझ्या मित्राला मी हेच लिहिलं. वाचायला लावणारी एखादी जागा लागतेच, आणि ती झाडणारा माणूसही लागतो. पुतळा परत बसावा असं मलाही वाटतं. पण बसवणाऱ्यांनी दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारी त्याच दिवशी लिहून द्यावी.

गडकरी २३ जानेवारी १९१९ला नागपूरजवळ सावनेरला वारले, तेहतिसाव्या वर्षी. ग्रुपमधला एक जण नागपुरात असतो. त्याला मी शिळेच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवला आणि विचारलं, येत्या २३ तारखेला सावनेरला जाशील का? काय आहे, काय नाही, कोण बघतं, एवढं बघून ये. लागेल तो खर्च मी पाठवतो. तो म्हणाला, खर्चाचं राहू दे, चुना कुठे मिळतो ते आधी विचारून ठेवतो.