आधी मागचं झाकण उघडा, मग टीव्ही गेला म्हणून सांगा

आज संध्याकाळपासून डोकं तापलंय. लांब लिहिणार आहे, वेळ काढून वाचा.

आमच्या बेळगावच्या शहापुरात शेजारच्या मावशींचा टीव्ही बंद पडला. वॉरंटी संपून चारच महिने झालेत. तक्रार नोंदवल्यावर आज एकदाचा सर्व्हिसचा पोरगा आला. रिमोटची दोन बटणं दाबली, स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाला, "पॅनेल गेलंय मावशी. पॅनेलच्या पैशात नवीनच येतोय. आता टीव्ही एवढंच टिकतंय बघा." व्हिजिटचे पैसे घेतले आणि गेला. पिशवीतून स्क्रू ड्रायव्हरसुद्धा बाहेर काढला नाही. मावशी पेन्शनीवर दिवस काढतात. मला विचारतात, "हप्त्यानं घ्यावा काय गं?"

आता टीव्ही एवढंच टिकतंय. हे वाक्य दुकानात ऐकते, लग्नाच्या पंगतीत ऐकते, आणि आपली शिकलेली माणसंही मान डोलावतात. का डोलावता? आपण पंखा रिवाइंड करून घेणारी, मिक्सरच्या भांड्याचं पातं बदलून घेणारी माणसं. तीस-चाळीस हजारांची वस्तू कुणी झाकण न उघडता मेली म्हणून सांगतो आणि आपण दुसऱ्या दिवशी नवीन आणायला निघतो?

आमच्या घरी हेच झालं होतं, म्हणून एवढं लागतंय. आमचे आबा, म्हणजे सासरे, सगळा जन्म मागावर. शहापूर-वडगावच्या लोकांना सांगायला नको, त्या खडखडाटात उभं आयुष्य काढलेल्या माणसाचे कान कसे होतात ते. आबा टीव्ही ऐकत नाहीत, बघतात. बातम्यांची खालची पट्टी वाचतात, मॅचचा स्कोअर वाचतात, कीर्तन लागलं तर बुवांच्या तोंडाकडं बघत बसतात. एका रात्री आमच्या टीव्हीचं चित्र गेलं आणि आवाज तेवढा राहिला. दुसऱ्या कुणाला निदान आवाज तरी होता. आबांना काहीच राहिलं नाही.

तेव्हाही असाच एक जण आला. आवाज येतोय म्हणजे बाकी चांगलं आहे, पॅनेल गेलं म्हणाला. मी विचारलं, उघडून बघणार नाही का? तर म्हणे, "साहेब कधी येतात? त्यांना समजावून सांगतो."

मग वडगावचे एक मिस्त्री आले, वयस्क माणूस. त्यांनी आधी खोलीतला दिवा बंद करायला सांगितला. टीव्ही चालू करून, स्क्रीनला जवळजवळ टेकवून, तिरकी बॅटरी मारली. त्या काळ्या काचेत निवेदिका दिसली. अंधुक, पण ओठ हलताना दिसत होते. खालची पट्टीसुद्धा सरकत होती. मिस्त्री म्हणाले, "चित्र आहे की आत. उजेड नाही नुसता."

हे प्रत्येकानं समजून घ्या. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो असतो एलसीडीच. चित्र काढणारी काच, म्हणजे पॅनेल, वेगळी आणि तिच्या मागून उजेड टाकणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या वेगळ्या. क्यूएलईडी म्हणून विकतात त्यातही मागून उजेड लागतोच. पट्टीवरचे दिवे बऱ्याचदा गणपतीच्या माळेसारखे एकापाठोपाठ जोडलेले असतात, एक उडाला की सगळी ओळ विझते. मिस्त्रींनी मागचं झाकण काढलं, काच रबरी कपांनी धरून अलगद उचलली, पांढरे कागद बाजूला केले आणि टेस्टरनं एकेक दिवा लावत गेले. एका दिव्यावर तिळाएवढा काळा डाग होता. तेवढ्यासाठी आमचा टीव्ही भंगारात निघाला होता! पट्ट्यांचा सगळा सेट बदलला, दोन हजारांच्या आत काम झालं आणि पुढं काही वर्षं आबांनी त्यावरच बातम्या वाचल्या. जाताना मिस्त्रींनी सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट शंभरवरून साठावर आणला. पूर्ण उजेडावर चालवला की पट्ट्या तापतात आणि लवकर जातात म्हणाले. दुकानदारानं हे कधी सांगितलंय तुम्हाला?

बरं, पॅनेल खरंच जातं, हे मान्य. आतून तडा गेला किंवा उभ्या रेघा आल्या की बहुतेक वेळा नवीन टीव्हीच परवडतो. पण गेलंय की नाही हे बघायला हात तरी लावायचा की नको?

आज आलेल्या त्या पोरावर मात्र आता लिहिता लिहिता राग उरला नाही. कॉलमागं थोडे पैसे मिळत असतील त्याला. आज शहापूर, उद्या खानापूर, परवा बैलहोंगल, पेट्रोल स्वतःचं. झाकण उघडून तासभर घालवला तर पुढचे कॉल राहणार. त्याला पट्टी बदलायला कुणी शिकवलंय, का त्याच्या पिशवीत सुटे भाग दिलेत? वरून जे ठरलंय ते तो आमच्या दारात येऊन बोलतो.

कंपनीतल्या वरच्यांचा मात्र राग येतो, आणि जास्तच येतो. मावशींना फोनवर लगेच एक्स्चेंजची ऑफर आली. टीव्ही मेलाय ना? मग घेता कशाला? पॅनेल, बोर्ड, स्पीकर सगळं त्यात चालू असू शकतं हे तुम्हाला माहीत आहे, मावशींना माहीत नाही, म्हणून!

आता नवीन घेण्याबद्दल. आबांच्या टीव्हीवर मागच्या पावसाळ्यात खरंच रेघा आल्या, मिस्त्रींनीच हात जोडले, तेव्हा आम्हीही दुकानं पालथी घातली. सगळीकडं तीच चकचकीत डेमोची फिल्म, मोर आणि फळं. त्यात कुठलाही टीव्ही सुंदरच दिसतो. मी म्हटलं, सेट टॉप बॉक्स जोडा आणि साधं एसडी बातम्यांचं चॅनेल लावा, आमचे आबा तेच बघणार आहेत. त्यावर खरा फरक कळला. एका मोठ्या टीव्हीवर पट्टीतली अक्षरं फिसकटलेली, दुसऱ्यावर स्वच्छ. मग बाजूला जाऊन उभी राहिले, कारण आबांची कॉट टीव्हीच्या समोर नाही, भिंतीकडं आहे. व्हीए आणि आयपीएस हे पॅनेलचे प्रकार. व्हीए पॅनेलचं चित्र बाजूनं बघितलं की फिकट पडतं, आयपीएसचं तेवढं फिकट पडत नाही. समोर बसणाऱ्यांना, खोली अंधारी करून बघणाऱ्यांना व्हीए चांगलं, ते काळं जास्त काळं दाखवतं. आम्हाला आयपीएस हवा होता. सेल्समन ओएलईडीकडं, म्हणजे मागून उजेड न लागणाऱ्या टीव्हीकडं, ओढत होता. त्याचं चित्र अप्रतिम, नाही म्हणत नाही. पण दिवसभर एकाच जागी चॅनेलचा लोगो आणि पट्टी राहिली तर त्यावर कायमचा शिक्का बसू शकतो. आबांच्या घरात तो कशाला?

स्मार्टचं फार कौतुक करू नका. आतली मेमरी कमी असली की दोन वर्षांत टीव्ही रखडायला लागतो आणि पोरं म्हणतात बदला. त्यासाठी टीव्ही बदलायची गरज नाही, एचडीएमआयला स्टिक लावा, काम होतं.

आणि भाच्यानं कोल्हापूरचं टुमणं लावलं होतं. "तिकडं स्वस्त मिळतोय मामी." पूर्वी दोन राज्यांचे कर वेगळे होते तेव्हा ठीक होतं. १ जुलै २०१७ पासून जीएसटी इकडं तिकडं एकच आहे. ३२ इंचावरच्या टीव्हीचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तोही दोन्हीकडं. दुकानदाराची सूट जास्त असेल तर तेवढं मात्र खरं. पण बिल कोल्हापूरचं असलं तरी तक्रार बेळगावच्या ५९० च्या पिनकोडवर नोंदली जाते, माणूस इथलाच येतो. मग इथल्याच ओळखीच्या दुकानातून का घेऊ नये, जिथं जाऊन उभं राहता येतं? कंपनीच्या हेल्पलाइनवर आपला पिन सांगितला की कन्नड, हिंदी, इंग्रजी. आबांसारख्या माणसानं स्वतःची तक्रार कुठल्या भाषेत सांगायची? पिढ्यान् पिढ्या इथंच राहतोय आम्ही. निदान दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला माणूस मराठीत ऐकून घेतो.

ऑनलाइन स्वस्त असतो, तेही मान्य. मावशींच्या मुलानं पुण्यात बसून ऑनलाइनच मागवला होता. आता तक्रार कुणाकडं न्यायची हे त्यालाही कळेना, आणि फोनवर आईलाच ओरडतो की तू काहीतरी केलं असशील. ओल्या फडक्यानं पुसला का, म्हणे. स्क्रीनवर पाणी मारू नये हे खरंच आहे, ते ओघळून खालच्या कडेत शिरतं आणि तिथल्या नाजूक जोडण्या खराब होऊन रेघा येतात. पण मावशींच्या स्क्रीनवर एक रेघ नाही. नुसता अंधार आहे. आवाज खणखणीत येतोय. आबांच्या टीव्हीचं जे झालं होतं तेच दिसतंय मला.

आम्ही शेवटी जो घेतला तो ब्रँड बघून नाही, आमच्या मिस्त्रींना विचारून घेतला. कुठल्याचे सुटे भाग मिळतात, कुठल्याची पाठ साध्या स्क्रूनं उघडते, हे त्यांना माहीत असतं. वाढीव वॉरंटी घेताना ती कंपनीची की तिसऱ्याच कुणाची हे वाचून घेतलं. बिलाचा कागद काही महिन्यांत पांढरा पडतो, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून ठेवला. अर्थिंग तपासून घेतलं. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की आबा स्वतः उठून प्लग काढतात आणि डिशची वायरही काढतात, कारण विजेचा दणका तिथूनही आत येतो.

आणि कुणी उडवून लावलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच ग्राहक आयोगाकडं जाता येतं, टीव्ही कुठूनही घेतलेला असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही.

उद्या सकाळी वडगावच्या मिस्त्रींना मावशींकडं घेऊन जाणार आहे. बॅटरी मारून चित्र दिसलं तर पट्ट्या बदलायच्या, आणि व्हिजिटचे पैसे परत मागणारा अर्ज मी स्वतः लिहून देणार आहे. नाहीच दिसलं, तर मावशींबरोबर दुकानात मी जाईन. किती इंच, किती सूट हे नंतर. आधी विचारणार, बिघडला तर शहापुरात कोण येणार? त्याचं नाव आणि नंबर बिलाच्या मागं लिहून दे.