स्तोत्र ९१ आणि मेडिक्लेमचा हप्ता

विषय काढला पेंटरनेच. मेडिक्लेमचा हप्ता वयामुळे वाढून आलाय आणि यंदा तो भरायचाच नाही, असं त्याने ठरवलंय. कारण काय, तर एकतीस डिसेंबरच्या रात्री चर्चच्या उपासनेत त्याने नव्या वर्षासाठी उचललेली बायबलच्या वचनाची चिठ्ठी. स्तोत्र ९१, वचन दहावं : अरिष्ट तुझ्या तंबूजवळ येणार नाही. चिठ्ठी लॅमिनेट करून स्कूटरच्या डिकीत, आरसी आणि पीयूसीच्या जोडीला ठेवलीय. काढून दाखवली.

"असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी," बँकवाला म्हणाला. कट्ट्यावर तो एकटाच हिंदू, पण नाताळच्या करंज्यांवर पहिला हात त्याचाच. "ही सोय फक्त आमच्याकडेच आहे असं वाटायचं मला. अरे, शुगर आहे ना तुला? एकदा खंड पडला की जुन्या आजाराचा वेटिंग पिरियड पुन्हा पहिल्यापासून."

"तुला नाही कळायचं. विश्वासाची गोष्ट आहे."

"मला तर कळेल?" मास्तरांनी कप खाली ठेवला. मास्तर संडेस्कूल घेतात, त्यामुळे त्यांचे प्रश्नही परीक्षेतल्यासारखेच असतात. "सैतानाला कुठलं स्तोत्र पाठ होतं, सांग."

पेंटर गप्प.

"मत्तय, चौथा अध्याय. येशूला मंदिराच्या शिखरावर उभं करून सैतान म्हणतो, घे उडी, देवदूत तुला झेलतील असं शास्त्रातच लिहिलंय. कुठे लिहिलंय? तुझ्या चिठ्ठीच्या पुढच्याच ओळीत. आणि येशू काय म्हणतो? देवाची परीक्षा पाहू नकोस."

"म्हणजे मी सैतान झालो?"

"तू नाहीस रे बाबा. उडी मात्र तीच."

पण पेंटर असा ऐकणारा नव्हे. "सगळं हिशेबानेच चालवायचं, तर मग चर्चला यायचं कशाला? पंडिता रमाबाईंनी कुठली पॉलिसी काढली होती? अमेरिकेतल्या लोकांनी दहा वर्षं मदतीचा शब्द दिला होता, ती मुदत १८९८ मध्ये संपली. तोवर दुष्काळातल्या शेकडो पोरीबाळी केडगावला, त्यांच्या मुक्ती मिशनात, आणून ठेवलेल्या. पुढच्या महिन्याचं धान्य कुठून येणार, कोणी लिहून दिलं होतं का?"

हे मात्र बिनतोड होतं. मेडिक्लेम, एसआयपी, पोरांच्या क्लासच्या फिया सगळं बांधून घ्यायचं, आणि उरलेल्या फटीत देवाला बसवायचं, हा आमच्या मंडळीतला नेहमीचा प्रकार. त्यात मीही आलो.

"नव्हतं दिलं," मास्तर म्हणाले. "बाईंनी प्रार्थना केली. आणि विहिरीही खोदल्या. शेती केली, बायकांना विणकाम शिकवलं, छापखाना घातला. मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं त्यांचं मराठी बायबल तिथल्याच बायकांनी छापलं. १९२२ ला गेल्या, तोवर ते काम चालू होतं. खाटल्यावर बसून नाही झालं हे."

बँकवाल्याने मग असा प्रश्न विचारला, जो आम्ही आपापसात कधी काढत नाही. "राग नका मानू. कोविडात हेच स्तोत्र तुमच्या लोकांच्या दारादारांवर चिकटवलेलं मी पाहिलंय. माणसं तर त्या घरांतलीही गेली की."

मास्तरांचा धाकटा भाऊ त्यातच गेला. मला वाटलं, आता विषय बदलतील. त्यांनी पेंटरकडे हात केला. "मोबाइलमध्ये बायबल आहे ना? शेवटून दुसरं वचन वाच."

पेंटरने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचलं. देव म्हणतो, संकटात मी त्याच्याजवळ राहीन.

"संकट यायचंच नसेल तर हे कशाला सांगायचं? माझ्या भावाला वचन मिळालं नाही, असं मी म्हणत नाही. तो शेवटपर्यंत एकटा नव्हता, एवढं मला ठाऊक आहे. बाकीचं नाही ठाऊक."

"बायबलातले ते तिघे, राजाने पेटत्या भट्टीत टाकलेले," पेंटर हळूच म्हणाला, "शद्रख, मेशख, अबेद्नगो. आमचा देव सोडवील, पण नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही, असं राजाला म्हणाले."

"मग? तुझी केस तूच हरलास!" बँकवाला.

मला मात्र वाटतं, पेंटर चुकीच्या जागी विश्वास शोधत होता. गेल्या पावसाळ्यात एका कंत्राटदाराने त्याला दोन हातांचं बिल तीन हातांचं कर म्हणून सांगितलं. पेंटर नाही म्हणाला, काम गेलं, आणि पुढचे दोन महिने घर बायकोच्या शिवणकामावर चाललं. उद्याची भाकर देव बघेल, हे त्याने तेव्हा खरंच धरलं होतं. चर्चमध्ये उभं राहून या अनुभवाची साक्ष त्याने कधी दिली नाही. चिठ्ठी मात्र लॅमिनेट केली. मी हे बोललो, तर म्हणाला, "त्यात काय, ते तर कोणीही करेल."

कोणीही करत नाही. कंत्राटदाराला दुसऱ्याच दिवशी दुसरा पेंटर मिळाला होता.

चहाचे पैसे बँकवाल्याने दिले. पेंटरने चिठ्ठी परत डिकीत टाकली, किक मारली आणि गाडी चालू ठेवूनच बँकवाल्याला विचारलं, "हप्ता उशिरा भरला तर चालतो का रे? म्हणजे, किती दिवस?"