फाइलवर पुढची वेळ दिसली म्हणून मेल क्यू पुसू नका

माझा भाचा सियागंजातल्या एका व्यापाऱ्याकडे मेल सर्व्हर सांभाळतो. मंगळवारी दुपारी त्याचा घाबराघुबरा फोन आला, "मावशी, सर्व्हर हॅक झालाय. क्यू पुसून टाकू ना?" त्याच्या हाती तोच मेसेज पडला होता, जो आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय, पोस्टफिक्सच्या (मेल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) क्यूमधल्या, म्हणजे पाठवायच्या मेलच्या रांगेतल्या, वेळा जुळत नसतील तर कुणीतरी घुसलंय. फाइलवर पुढची वेळ हा पुरावा. ताबडतोब रांग पुसणारी 'पोस्टसुपर -डी ऑल' ही कमांड चालवा आणि घड्याळ साडेपाच तास मागे घ्या.

आधी हा 'पुरावा' बघू. भाच्याने दुपारी 3:50 ला डिफर्ड फोल्डर (न गेलेल्या मेल जिथे थांबतात ते) उघडलं, तर एका फाइलवर 4:00 ची वेळ. अरे, ती वेळ पोस्टफिक्स स्वतःच टाकतं! मेल गेली नाही की पुढचा प्रयत्न कधी करायचा ते क्यू मॅनेजर (रांग सांभाळणारा पोस्टफिक्सचा भाग) फाइलच्या बदलाच्या वेळेतच नोंदवून ठेवतो. एरवी सेटिंगमध्ये काही बदललेलं नसेल तर दोन प्रयत्नांत कमीत कमी 300 आणि जास्तीत जास्त 4000 सेकंदांचं अंतर असतं. प्रत्येक प्रयत्नानंतर हे अंतर वाढत जातं, हे क्यूएमजीआरच्या, म्हणजे क्यू मॅनेजरच्या, मॅन पेजवर (माहितीपानावर) स्पष्ट लिहिलंय. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढं एक पान उघडायला हवं होतं.

आणि पुसायचा सल्ला तर भयंकरच. ती कमांड क्यूमधली एकूण एक मेल कायमची उडवते, परत आणायची सोय नाही. पाठवणाऱ्याला मेल परत आल्याची सूचनाही जात नाही, त्यामुळे त्याला वाटत राहतं की मेल पोचली. भाच्याच्या क्यूत गिऱ्हाइकांची बिलं अडकली होती. शंकाच असेल तर 'पोस्टसुपर -एच ऑल' आहे ना. मेल होल्डवर जातात, जागच्या हलत नाहीत.

घड्याळ मागे घेणं त्याहून उलटं. क्यू मॅनेजर पुढच्या वेळेच्या फाइलींना हातच लावत नाही, म्हणजे आत पडलेल्या मेल आणखी साडेपाच तास अडकून बसतील.

साडेपाच तासांच्या फरकाबद्दल मात्र मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, हे मान्य करायलाच हवं. रांग दाखवणाऱ्या मेलक्यू कमांडमध्ये 9:50 दिसत होतं, मेल आली होती 15:20 ला. पण ही घुसखोरी नव्हे, टाइमझोनची गडबड. भाच्याचं पोस्टफिक्स जुनं, क्यू दाखवणारी प्रक्रिया क्रूटमध्ये (बाहेरच्या फाइली न दिसणाऱ्या वेगळ्या फोल्डरमध्ये) बंद, आणि तिथे स्थानिक वेळ सांगणारी लोकलटाइमची फाइलच नव्हती. म्हणून ती यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ, दाखवत होती. याच कारणाने लॉगमध्येही (सर्व्हरच्या नोंदींत) कधी काही ओळी मागच्या वेळेच्या दिसतात.

आम्ही ती फाइल पोस्टफिक्सच्या स्पूलमधल्या (म्हणजे त्याच क्रूटमधल्या) ईटीसी फोल्डरमध्ये कॉपी केली, पोस्टफिक्स रीस्टार्ट केलं. मेलक्यू 15:20 दाखवू लागलं. त्याच संध्याकाळी बिलंही गेली.