बटण दाबलं की हेलिकॉप्टर येतं म्हणे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: खिशात मावणारा बीकन (संकटात इशारा पाठवणारं छोटं यंत्र) घ्या, समुद्रात पडलात तर बटण दाबा, उपग्रह तुम्हाला हुडकून काढतो आणि थोड्याच वेळात हेलिकॉप्टर डोक्यावर हजर. लाइफ जॅकेटचं ओझं नको. मोबाईलसारखाच चालतो, धरणातही चालतो. दुबईच्या पाव्हण्याला सांगून मागवा, स्वस्त पडतो.

आमच्या भागातली पोरं मर्चंट नेव्हीत आहेत, कुणी कारवारच्या बैतकोल बंदरातून मासेमारी बोटीवर जातं. त्यामुळे हा मेसेज हसून सोडून देण्यासारखा नाही.

उपग्रहाची गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. मेसेजवाल्यानं दोन वेगळी यंत्रं एकाच नावाखाली कोंबली आहेत. पहिलं पीएलबी, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन, माणसानं स्वतःजवळ बाळगायचा. ते ४०६ मेगाहर्ट्झवर साधारण दर ५० सेकंदांनी एक छोटा संदेश सोडतं. तो कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय बचाव यंत्रणेच्या उपग्रहांमार्फत आपल्याकडे इस्रोच्या बंगळूरच्या केंद्रात येतो आणि तिथून तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राकडे जातो. साखळी चांगली आहे. फक्त तुम्ही ज्या बोटीवरून पडलात, त्या बोटीला यातलं काहीच कळत नाही, कारण हा संदेश पकडणारं यंत्र तिच्यावर सहसा नसतंच.

दुसरं यंत्र एआयएसवरचं. एआयएस म्हणजे जहाजं रेडिओवरून एकमेकांना आपली जागा कळवतात ती पद्धत. त्याला बचावासाठी वरच्या उपग्रहांची साखळी लागत नाही. ते जीपीएसवरून स्वतःची जागा काढतं आणि आसपासच्या जहाजांच्या पडद्यावर ९७२ ने सुरू होणारा, म्हणजे माणूस पाण्यात पडल्याची खूण असलेला, क्रमांक उमटवतं. अँटेना पाण्याला टेकलेली, त्यामुळे मोठ्या जहाजाला ते चार-पाच सागरी मैलांवरून दिसेल, लहान बोटीला त्याहून कमी. आणि बोटीवर एआयएस पाहायला पडदाच नसेल, किंवा असून त्याचा भोंगा बंद ठेवलेला असेल, तर सगळंच मुसळ केरात.

आता हेलिकॉप्टरचं बघू. आठ नॉटनं (तासाला आठ सागरी मैल) जाणारी बोट मिनिटाला जवळजवळ २५० मीटर पुढे सरकते. माणूस पडल्याचं पाच मिनिटांनी लक्षात आलं, तर तो सव्वा किलोमीटर मागे राहिलेला असतो. उसळत्या पाण्यात नुसतं डोकं एवढ्या अंतरावरून दिसत नाही, रात्री तर नावच नको. अशा वेळी सगळ्यात जवळचा वाचवणारा म्हणजे त्याचीच बोट. हेलिकॉप्टरला बातमी पोचायची, तळावरून उडायचं, अंतर कापायचं, हवामान साथ द्यायला हवं. म्हणून किनाऱ्याजवळच्या मासेमारीसाठी माझ्या मते एआयएसचं यंत्र आधी, पीएलबी नंतर. एकट्यानं होडी घेऊन जाणाऱ्याचं मात्र उलट. त्याच्यासाठी मागे वळणारं कुणी नसतंच.

याच गटात एकानं लिहिलं होतं की बोटीवर सरकारी ट्रान्सपॉन्डर (बोटीची जागा किनाऱ्याला कळवणारं यंत्र) बसवलाय, मग आणखी कशाला? एक लाख मासेमारी बोटींवर असे ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना आहे, ती चांगलीच आहे. पण ट्रान्सपॉन्डर बोटीला बांधलेला असतो. माणूस पाण्यात पडला की ट्रान्सपॉन्डर बोटीबरोबर निघून जातो.

लाइफ जॅकेटबद्दलचा सल्ला तर सरळ जीवघेणा. बीकन माणसाला तरंगत ठेवत नाही. पीएलबीची अँटेना उघडून आकाशाकडे धरावी लागते, बटण हातानं दाबावं लागतं. पडताना डोक्याला मार लागला तर कोण दाबणार? एआयएसची काही यंत्रं आपोआप सुरू होतात, पण कशी, तर जॅकेट फुगल्यावर. म्हणजे जॅकेट टाकून दिलं की तीही गेली.

मोबाईलसारखं चालतं हेही चूक. यात सिम नाही, बोलता येत नाही. हिडकल किंवा नविलतीर्थ धरणाच्या पाण्यात पीएलबीचा संदेश वर जाईलही, पण बुडणाऱ्याच्या हातात काही मिनिटं असतात. तिथे एआयएस पाहायला जहाज कुठून आणणार?

राहिला दुबईचा पाव्हणा. प्रत्येक पीएलबीत देशाचा कोड भरलेला असतो, भारताचा ४१९. परक्या देशाचा कोड असलेलं आणि नोंदणी न केलेलं यंत्र वाजलं, तर हे कुणाचं, घरी फोन कुणाला करायचा, हे बचाव केंद्राला कळायला मार्ग नाही. शिवाय स्वस्त म्हणून भलतंच सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र, हाती पडलं तर वेगळाच घोर. ते परवान्याशिवाय बाळगल्याबद्दल २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना अडवलं होतं. पाव्हण्याला त्यात का ढकलायचं?

एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये कामाचा एकही नंबर नाही, म्हणून इथे देतो: तटरक्षक दल १५५४, आणि बोटीवर व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६.