‘पाच हजार वॅटचाच घ्या’: त्या फॉरवर्डची झडती

कापसाचे पैसे हाती आले आणि लग्नसराई तोंडावर आली, की आमच्या यवतमाळ-वाशीमकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर गाडीतल्या अ‍ॅम्पचा (स्पीकरला ताकद देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा) एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खोक्यावर सगळ्यात जास्त वॅट लिहिलेला अ‍ॅम्प घ्या. लहान अ‍ॅम्पनं वूफर (खर्जाचा आवाज काढणारा मोठा स्पीकर) जळतो, मोठ्यानं जळत नाही. गेन फुल ठेवा, नाहीतर पैसे पाण्यात. दोन वूफर समांतर जोडा, फुकटात दुप्पट पॉवर. हेडलाइट मंद होत असेल तर कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा डबा) टाका. आणि वायर जाड असली की झालं. पाठवणारे आपलेच भाऊबंद, हेतूही चांगला. पण यातला एकही मुद्दा जसाच्या तसा खरा नाही.

पहिल्यानं वॅटकडे येऊ, कारण खरी लूट तिथंच आहे. खोक्यावरचा ‘५००० वॅट’ हा आकडा कुणी मोजलेला नसतो, छापलेला असतो. खरा आकडा काढायचा तर अ‍ॅम्प उलटा करून फ्यूज बघा. समजा, ३० अँपिअरचे दोन आहेत. म्हणजे अ‍ॅम्प साधारण ६० अँपिअर ओढणार. गाडी चालू असताना व्होल्टेज १४ च्या आसपास असतं. ६० गुणिले १४ म्हणजे ८४० वॅट, आणि हे झाले आत जाणारे. नव्या पद्धतीचा क्लास डी अ‍ॅम्प त्यातले ८० टक्क्यांच्या आसपास स्पीकरला देतो, जुन्या पद्धतीचा क्लास एबी ५०-६० टक्के, बाकीची उष्णता. म्हणजे हाती येतात ४५० ते ६५० वॅट. फ्यूज क्षणभर जास्त करंट सोसतो, त्यामुळे हिशेब तंतोतंत नाही, पण साडेसहाशेचे पाच हजार व्हायला तेवढ्यानं होत नाही. खरेच ५००० वॅट काढायचे तर साडेचारशेच्या घरात अँपिअर लागतील. गावातल्या वेल्डिंगवाल्याला ३.१५ एमएमचा रॉड चालवायला शंभर-सव्वाशे पुरतात. आता सांगा, लहान गाडीचा साधारण ६० ते ९० अँपिअरचा अल्टरनेटर हे कुठून आणणार? त्यातच गाडीचे लाइट, पंखा आणि एसीही चालवायचे असतात.

म्हणून खोक्यावर ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ लिहिलेलं वाचूच नका. आरएमएस वॅट (सतत देता येणारी पॉवर) बघा, आणि तेही किती ओहमला (स्पीकरच्या विद्युत विरोधाला), किती व्होल्टला, हे सोबत लिहिलेलं असेल तरच. सीटीए-२००६ (जुनं नाव सीईए-२००६) हे मानक लिहिलेलं असेल तर बरं. त्यात मोजणी १४.४ व्होल्टवर, ४ ओहमला आणि आवाजाची विकृती १ टक्क्याच्या आत ठेवून करावी लागते.

आणि वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट, हेही खोटं. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला वॅट जवळपास दहापट लागतात. याउलट स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटला तो किती मोठा वाजतो) ८७ ऐवजी ९० डेसिबल असली, तर तेच ३ डेसिबल अ‍ॅम्पला हात न लावता मिळतात. खरेदीची सुरुवात म्हणूनच स्पीकरपासून करायची. त्याचा आरएमएस आणि ओहम कळला की अ‍ॅम्प आपोआप ठरतो. आपल्याकडे लोक आधी अ‍ॅम्प आणतात, मग त्याला साजेसे स्पीकर शोधत फिरतात.

लहान अ‍ॅम्पनं वूफर जळतो, यात थोडं तथ्य आहे, पण कारण चुकीचं सांगितलं जातं. कमी पॉवरनं कोणताच स्पीकर जळत नाही, नाहीतर आवाज बारीक केला की सगळेच जळाले असते. जळते ती व्हॉइस कॉइल (स्पीकरमधलं तारेचं वेटोळं), आणि जळते ती उष्णतेनं. अ‍ॅम्पच्या ताकदीबाहेर आवाज ताणला की सिग्नलचे शेंडे कापले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. पूर्ण चौकोनी झालेल्या सिग्नलमध्ये ५० वॅटचा अ‍ॅम्प १०० वॅटपर्यंत देऊ शकतो. वूफर ६० वॅटचा असेल तर जाणारच. पण त्याच वूफरला ३०० वॅटचा अ‍ॅम्प लावून नॉब फिरवला तर तो आणखी लवकर जाईल. मेसेजमध्ये एवढं सोडून बाकी सगळं आहे. स्पीकरच्या आरएमएसएवढा किंवा थोडा जास्त आरएमएसचा अ‍ॅम्प घ्यावा, आणि गेन नीट लावावा.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्टिरिओकडून २ व्होल्ट येतात की ४, त्याच्याशी अ‍ॅम्पचा मेळ घालायचा तो स्क्रू आहे. तो फुल फिरवला की पॉवर वाढत नाही, क्लिपिंग तेवढं लवकर सुरू होतं आणि सततचा ‘सूं’ असा आवाज पदरात पडतो. लावायची रीत सोपी आहे. पाहिजे ते वॅट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ. १०० वॅट, ४ ओहम म्हणजे ४०० चं वर्गमूळ, २० व्होल्ट. स्पीकर काढून ठेवा, बास-ट्रेबल सपाट ठेवा, स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवून वूफरसाठी ५० हर्ट्‌झचा टोन वाजवा, आणि मल्टिमीटर एसीवर २० व्होल्ट दाखवेपर्यंत गेन हळूहळू फिरवा. मल्टिमीटर नसेल तर गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे असतोच.

समांतर जोडणीत फुकट काही मिळत नाही. ४ ओहमचे दोन वूफर समांतर म्हणजे २ ओहम. करंट जवळपास दुप्पट आणि उष्णताही तशीच. त्यात दोन चॅनल ब्रिज केले (एकत्र जोडून एकाच भाराला लावले) असतील, तर प्रत्येक चॅनलला त्याच्याही निम्मं, १ ओहम, दिसतं. ब्रिज करून किमान ४ ओहम चालेल असं ज्याच्या पुस्तिकेत लिहिलंय, तो अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये जाणारच (स्वतःला वाचवायला बंद पडणारच). मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो. उन्हात उभ्या बोलेरोत सीटखाली कोंबलेला अ‍ॅम्प तसाच अर्धा तापलेला असतो. दोन गाण्यांत बंद पडला की पोट्टे म्हणतात, “पीस खराब निघाला बाप्पा!” पीस बरा आहे, जोडणी बघा.

कपॅसिटरचं गणितच मांडू. १ फॅरडचा कपॅसिटर १४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना २६ ज्यूल देतो. ६०० वॅट ओढणारा अ‍ॅम्प तेवढे ज्यूल सेकंदाच्या सुमारे तेविसाव्या भागात संपवतो. पुढच्या ठोक्याआधी तो पुन्हा अल्टरनेटरनंच भरायचा. हेडलाइट मंद होत असेल तर बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंग आणि अल्टरनेटर तपासा. मांडवासमोर इंजिन बंद ठेवून तासन्‌तास वाजवणाऱ्यांना तर कपॅसिटरचा काडीचाही उपयोग नाही. ४० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी सरासरी २० अँपिअरनं रिकामी होत गेली, तर दोन तासही टिकत नाही, आणि स्टार्टर त्याच्याही आधी हात टेकतो. मग नवरदेवाच्या गाडीला वऱ्हाडी धक्का मारतात.

राहिली वायर. जाडी दिसते ती बऱ्याचदा नुसत्या प्लॅस्टिकची, आतला धातू मोजा. बॉनेटपासून डिकीपर्यंत चार-पाच मीटर आणि ६० अँपिअर असेल, तर तांब्याची ४ गेज, म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटर, लागते. तालुक्याला अशी किट मिळाली नाही तर तांब्याची २५ चौरस मिलिमीटरची वेल्डिंग केबल चालते. पण स्वस्त किटमध्ये आणि वेल्डिंग केबलमध्येही अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार असते, आणि ती तांब्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश करंट वाहते. एक तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरी निघाली तर एक माप जाड घ्या. अर्थिंग आखूड ठेवा, बॉडीवरचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टनं कसा. बॅटरीजवळ, ४५ सेंटिमीटरच्या आत, मुख्य फ्यूज लावा. हा फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. कार्पेटखाली वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर अ‍ॅम्पच्या अंगचा फ्यूज त्या जाळाच्या पलीकडच्या टोकाला असतो.