लाल दिवा म्हणजे ‘फक्त सेन्सर’ नव्हे

‘जुन्या गाडीत टेंपरेचरचा लाल दिवा लागला तर सेन्सर बिघडलेला असतो, रेडिएटरचं झाकण उघडून पाणी ओता आणि निघा,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि झाकणाचा भाग तर घातक. गरम इंजिनात कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) दाबाखाली असतं, म्हणून 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि उकळता फवारा तोंडावर येतो. बहुतेक झाकणांवर तशी सूचना छापलेलीच असते. गाडी थांबवा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. मग पाइपांचे जोड, वॉटर पंपाखालचा ओलावा बघा. बाहेर गळती नसून पातळी घटतेय? हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) तपासून घ्या. मेसेज कृपया पुढे पाठवू नका.