आधी सीएमएस, मग सल्ला

लोकांना सल्ला देणारं संकेतस्थळ काढायचं तुमच्या मनाने घेतलंय, हे उत्तम झालं. सल्ल्यावाचून अडलेला मराठी माणूस निदान मी तरी अजून पाहिलेला नाही, पण मागणी नसताना पुरवठा करायलाही छाती लागते. आता फक्त एक करा, लगेच सल्ला लिहायला बसू नका. नवशिके तिथेच फसतात. आधी कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे सीएमएस, निवडा. संकेतस्थळावरचा मजकूर लिहायची आणि सांभाळायची ही प्रणाली. हे काम मन लावून केलंत तर लिहायची वेळ वर्षभर तरी येत नाही.

सुरुवात हिंजवडीतल्या भाच्यापासून करा. तो कुठल्याशा बँकेच्या जुन्या सॉफ्टवेअरची डागडुजी करतो, संकेतस्थळांशी त्याचा संबंध तुमच्याइतकाच. पण आयटीतला म्हटल्यावर ‘मला माहीत नाही’ असं म्हणायची त्याला चोरी. तो सांगेल, “मामा, हेडलेस सीएमएस घ्या.” हेडलेसमध्ये मजकूर लिहून साठवायची सोय असते. तो लोकांना दिसायचा कुठे, ते पान वेगळं बांधून घ्यावं लागतं. लिहिणाऱ्याची सोय झाली, वाचणाऱ्याचं नंतर बघू, ही व्यवस्था सल्ला देणाऱ्यांच्या स्वभावाला फार मानवते. पहिले दोन महिने याच विचारात घालवा.

ड्रुपल या सीएमएसचाही अभ्यास करा. बेल्जियमच्या ड्रीस बायटार्टने २००१ साली ते आणलं. पण खरं शिकायचं आहे ते २०१४मध्ये. त्या वर्षी १५ ऑक्टोबरला ड्रुपलमधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली आणि दुरुस्तीही सोबतच आली. मग २९ ऑक्टोबरला सुरक्षा पथकाने सल्ला दिला, की जाहीर झाल्यापासून सात तासांत ज्यांनी दुरुस्ती केली नसेल, त्यांनी आपलं संकेतस्थळ फोडलं गेलंय असंच धरून चालावं. आपल्या घड्याळाप्रमाणे ही मुदत १६ तारखेच्या पहाटे साडेचारला संपली होती. म्हणजे जी रात्र तुम्ही झोपून काढलीत, ती झोपायची नव्हती, हे दोन आठवड्यांनी कळवलं. सल्ल्याच्या धंद्यात याहून सरस नमुना मला तरी ठाऊक नाही. छापून भिंतीवर लावा.

जूमला हे सीएमएस २००५मध्ये माम्बो या दुसऱ्या सीएमएसमधून वेगळं झालं. भाऊबंदकीची आवड असेल तर इतिहास जरूर वाचा. बसवू नका.

ह्यूगो किंवा जेकिलच्या वाटेला तर जाऊच नका. त्यात पानं आधीच तयार करून ठेवलेली असतात, मागे डेटाबेस नाही, अपडेटांची कटकट नाही, फोडण्यासारखंही फारसं काही नाही. मग रविवारी दुपारी करायचं काय? लिहायचं? मी आधीच बजावलंय.

शेवटी तुम्ही वर्डप्रेसच घेणार. जगातली दर पाचातली दोन संकेतस्थळं त्यावर चालतात. २००३मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी वाऱ्यावर पडलेल्या एका जुन्या प्रणालीतून ते उभं केलं. पाच मिनिटांत बसतं ही त्याची जुनी ख्याती, आणि धोका नेमका तिथेच आहे, कारण सहाव्या मिनिटाला तुम्ही मोकळे. शिवाय ‘हॅलो वर्ल्ड’ हा पहिला लेख आयता मिळतो, त्याखाली एक प्रतिक्रियाही आयतीच असते. लेख झाला, वाचक झाला. इथे थांबायचा मोह होईल, पण थीम, म्हणजे संकेतस्थळाचा तयार पेहराव, निवडायची राहिलीय.

थीम डेमोत रोमन लिपीत पाहा आणि विकत घ्या. मग मराठी मथळा टाका. थीम करणाऱ्याने देखणेपणासाठी अक्षरांत अंतर सोडलेलं असतं, त्यामुळे तुमच्या मथळ्याची शिरोरेषा जागोजाग तुटते. दोन ओळींतली जागा मात्र त्याने इतकी घट्ट ठेवलेली असते, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. हे डेव्हलपरला फोनवर समजावून सांगा. त्याला मराठी येत नसेल तर महिना, येत असेल तर दीड महिना, कारण मग तो मजकूरही सुधारायला घेतो.

आता लेखाचा पत्ता, म्हणजे स्लग. मथळ्यावरून वर्डप्रेस तो आपणच बनवतं आणि त्याला जागा ठेवतं २०० अक्षरांची. रोमनला ती भरपूर झाली. देवनागरीची मात्र प्रत्येक खूण टक्क्याची चिन्हं आणि आकडे घालून लिहिली जाते आणि एकेक खूण ९ जागा खाते. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वारही वेगळा. तुम्ही मोठ्या उमेदीने पहिला लेख लिहिता, ‘सासूबाईंशी कधीही वाद घालू नका’. हिशेब करून पाहा. १९२ जागा ‘ल’पाशीच संपतात, उकाराला जागा उरत नाही, आणि पत्ता तयार होतो ‘सासूबाईंशी-कधीही-वाद-घाल’. व्हॉट्सॲपवर पाठवलात तर टक्क्यांच्या चिन्हांची वीतभर माळ दिसते, ती कुणी उलगडून वाचत नाही, एवढीच काय ती अब्रू राहते. यावर उपाय म्हणजे पत्ता रोमन लिपीत हाताने टाकायचा. मग ‘सासू’त एक ए की दोन, शेवटी यू की डबल ओ, यावर घरात बैठक घ्या. सासूबाईंनाही बोलवा.

प्लगइन्सची, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरांची, गोष्ट तर संपतच नाही. वर्डप्रेसच्या भांडारात पन्नास हजारांहून जास्त आहेत आणि फुकट आहेत, तेव्हा संयमाचं कारण नाही. २०१८च्या डिसेंबरात नवा एडिटर आला, तर जुना परत आणून देणारं प्लगइन लाखोंनी बसवलं. एवढी समंजस परंपरा आहे. एसईओचं, म्हणजे गुगलच्या शोधात लेख वर आणायचं, घ्याच. ते लेखाकडे बघून लाल, केशरी किंवा हिरवा दिवा दाखवतं. गुडघेदुखीवर चार समजूतदार ओळी लिहाल तर लाल. ‘गुडघेदुखी असल्यास गुडघेदुखीच्या रुग्णाने गुडघेदुखीकडे दुर्लक्ष न करता गुडघेदुखीवर उपाय करावा’ असं लिहा, दिवा हिरवा होतो. गुडघा तसाच दुखतो, पण तो गुगलच्या अखत्यारीतला विषय नाही. त्याच्याच खाली ‘हा वैद्यकीय सल्ला नव्हे’ हे पान जोडा. गुंतवणुकीच्या सदराखाली ‘हा आर्थिक सल्ला नव्हे’, वास्तूच्या सदराखाली आणखी एक. मन लावून लिहिलेली तुमची पहिली तीन पानं ही असतील, आणि खरं सांगायचं तर त्या संकेतस्थळावर विसंबण्यासारखीही तेवढीच.

शोधाची सोय आहे तशीच राहू द्या. वर्डप्रेस दिलेली अक्षरं जशीच्या तशी शोधतं. वाचकाने ‘गुडघा’ लिहिलं तर ‘गुडघ्याला’ त्याच्या हाती लागत नाही. आपली विभक्ती कॅलिफोर्नियात कुणी शिकलेली नाही. त्याला वाटेल या विषयावर तुमच्याकडे काही नाही, आणि बहुतेक वेळा त्याचा अंदाज बरोबरच असेल.

राहता राहिला ‘आम्हाला प्रश्न विचारा’ हा फॉर्म. तो बिनधास्त टाका. स्वस्त होस्टिंगवरून निघालेली फॉर्मची मेल पुष्कळदा स्पॅममध्ये जाऊन पडते, आणि जीमेल स्पॅम ३० दिवसांनी आपणहून साफ करतं. तेवढ्या अवधीत नणंद आपल्या घरी परत जाते, शेअर जिथे पडायचा तिथे पडून घेतो, सोसायटीतल्या पार्किंगचा वाद नव्या कमिटीकडे जातो. म्हणून फॉर्मखाली ठळक अक्षरांत लिहा : ‘उत्तर ३० दिवसांनंतर.’